चार सायकली, एक गाडी आणि कोकण : रॅक कोणता घ्यावा?

सोनचाफा | २ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी,

इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय. गाडीवरून सायकली नेण्यासाठी रॅक घ्यायचा आहे आणि डोकं पार चक्रावलंय.

आम्ही चौघे, पुण्यात कोथरूडला राहतो. नवऱ्याची २९ इंची चाकांची एमटीबी (माउंटन बाइक), लेकीची हायब्रिड, माझी बुटक्या दांडीची लेडीज सायकल आणि धाकट्याची २० इंची. रविवारी पहाटे पाषाण, बावधन, कधी मुळशी रस्ता असं चालू असतं. डिसेंबरच्या सुट्टीत मात्र समुद्राकाठच्या रस्त्यावर सायकल चालवायची, असं चौघांनी मिळून ठरवलंय. गाडीने दापोलीला जायचं, तिथून हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर असं जमेल तसं सायकलवर. मग दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. भाड्याच्या सायकली नकोत, कारण लेकाच्या मापाची मिळणं कठीण आणि माझी पाठ माझ्याच सीटला सरावलेली आहे.

गाडी सात सीटांची, २०१९ ची. छतावर रेल (कडेच्या लांब दांड्या) नाहीत. डिकीच्या दारावर वायपर आहे, वर प्लॅस्टिकचा स्पॉयलर आहे, स्टेपनी खाली आहे.

दोन दुकानांत जाऊन आले. एक म्हणाला, चारही छतावर आरामात बसतात. दुसरा म्हणाला, छत विसरा, तीन डिकीवर लटकवा आणि चौथी आत टाका. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने दाखवलं. सायकली किती किलोच्या आहेत हे दोघांनीही विचारलं नाही, तिथेच मला शंका आली.

ज्यांनी प्रत्यक्ष सायकली वाहून नेल्यात त्यांनी सांगा. छत की डिकी? आणि चार सायकली एकाच रॅकवर न्याव्यात का?

अबोली | २ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

वाचतेय. आमचाही हाच प्रश्न आहे, फक्त सायकली तीन.

घाटमाथा | २ नोव्हेंबर, रात्री १०:४०

सोनचाफा, तुमची शंका अगदी रास्त आहे. नऊ वर्षं छतावर सायकली नेतोय, जास्त करून ब्रेव्हेसाठी (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी). २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात आणि सुरुवात पहाटे असते. आदल्या रात्री गाडीने पोचायचं, सकाळी सायकल उतरवून थेट निघायचं. तिथे रॅकने दगा दिला तर सगळा दिवस वाया जातो, म्हणून मी या बाबतीत फार काटेकोर झालोय.

पहिलं काम, घरातला वजनकाटा काढा. आधी नुसतं उभं राहा, मग सायकल उचलून उभं राहा, वजाबाकी करा. चारही सायकलींचे आकडे कागदावर लिहा. बाटली, कुलूप, मडगार्ड, मागचं कॅरिअर, सगळ्यासकट.

मग गाडीचं मॅन्युअल उघडा आणि छतावर किती भार चालतो ते शोधा. बारच्या (छतावर आडव्या बसवायच्या दांड्यांच्या) खोक्यावरही एक आकडा छापलेला असतो. दोहोंत जो लहान तो खरा. आणि त्या आकड्यात फक्त सायकली धरायच्या नाहीत, बार आणि ट्रेसुद्धा त्यातच येतात. सायकल धरणारा चांगला ट्रे साधारण चार किलोचा असतो (थूलीचा प्रोराइड ५९८ हा ४.२ किलोचा आहे). चार ट्रे म्हणजे सतरा किलो झाले की नाही? बारचे पाच-सहा वेगळेच. एका ट्रेवर किती वजनाची सायकल चालते तेही बघा. या ५९८ वर २० किलोपर्यंत चालते, त्यांच्याच जुन्या फ्रीराइड ५३२ वर १७ पर्यंत.

छताचे फायदे म्हणाल तर डिकी उघडते, नंबरप्लेट आणि दिवे मोकळे राहतात, रिव्हर्स कॅमेरा दिसतो, एक सायकल दुसरीला घासत नाही. तोटे : उंची, वारा आणि सायकल वर चढवणं. माझ्या गाडीला हायवेवर एरवी १८ चं ॲव्हरेज पडतं, वर दोन सायकली असल्या की १५ च्या आसपास येतं. ८० च्या वर मी जातच नाही. आडवा वारा आला की स्टिअरिंगवर जाणवतं.

तुमच्या छताला रेल नाहीत, म्हणजे दाराच्या चौकटीत अडकणारे पाय लागतील. हे पाय आणि त्यांचं किट गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळं असतं. 'सगळ्या गाड्यांना बसतं' असं कुणी सांगितलं तर तिथून निघा. आणि हो, इतर वाचणाऱ्यांसाठी : रेल असल्या तरी पुष्कळ गाड्यांवर त्या नुसत्या शोभेच्या असतात. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय त्यांवर काहीही कसू नका.

म्युनिकवासी | ३ नोव्हेंबर, पहाटे २:०५

इथे जर्मनीत बहुतेक कुटुंबं टो-बारच्या (ट्रेलर ओढायला गाडीच्या मागे असलेल्या दांड्याच्या) गोळ्यावर बसणारा मागचा रॅक वापरतात. सायकली कमरेच्या उंचीवर राहतात, चढवायला सोपं, वाऱ्याचा त्रास कमी. पण इथेही वजनाचा हिशेब चुकतोच. आमच्या गाडीच्या गोळ्यावर उभा भार ७५ किलो चालतो. रॅक १८ किलोचा. उरले ५७. आमच्या दोन ई-सायकली प्रत्येकी २५ किलोच्या, म्हणजे ५० तिथेच संपले. रॅकवर जागा तिसरीची आहे, भार मात्र दोनचाच. त्यामुळे लेकाची सायकल आम्ही गाडीच्या आत टाकतो.

मागच्या रॅकने नंबरप्लेट झाकली जाते म्हणून इथे रॅकवर तोच नंबर असलेली दुसरी पाटी लावावी लागते, आणि रॅकचे दिवे गाडीच्या सॉकेटला जोडावे लागतात. भारतात टो-बारची काय परिस्थिती आहे?

घाटमाथा | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

म्युनिकवासी, आपल्याकडे बहुतेक गाड्यांना कंपनीकडून टो-बार येतच नाही. बाहेरून वेल्डिंग करून बसवणारे आहेत. मी त्या वाटेला गेलो नाही आणि कुणाला सुचवणारही नाही. चासीला भोकं पाडायची किंवा वेल्डिंग करायचं, वर वॉरंटी आणि विमा दोन्हींचा प्रश्न. पाटीचंही तसंच. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) आल्यापासून जादाची पाटी कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगवून आणता येत नाही.

सातारकर | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण रॅक निवडताना तिचा थेट संबंध येतो.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४(१अ) आलं. गाडीवरचा माल बाजूला बॉडीच्या बाहेर, किंवा पुढे, मागे, उंचीला परवानगीपेक्षा जास्त गेला तर २०,००० रुपये दंड, वर तो माल उतरवण्याचा खर्च. आता डिकीवर आडवी लटकवलेली सायकल मोजा. मोठ्या माणसाची सायकल चाकाच्या टोकापासून टोकापर्यंत १७० ते १८० सेंटिमीटर भरते, २९ इंची एमटीबी त्याहूनही थोडी जास्त. स्विफ्टची रुंदी १७३.५ सेंमी, क्रेटाची १७९, इनोव्हा क्रिस्टाची १८३. म्हणजे छोट्या गाडीवर चाक दोन्ही बाजूंना डोकावणार. पुढचं चाक काढून लटकवली की प्रश्न मिटतो. ते काढलेलं चाक आत ठेवायला जागा आहे का, हे आधीच बघा.

डिकीवर तीन सायकली लावल्या की नंबरप्लेट, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर झाकले जाणार. दंड राहू द्या, घाटात मागच्या ट्रकवाल्याला तुमचा ब्रेक दिसला नाही तर काय होईल याचा विचार करा.

पानापकड | ३ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी कोल्हापूरचा, सायकल दुरुस्तीचं दुकान हाय. रॅकवरनं आलेल्या सायकली माझ्याकडं नीट करायला येत्यात, म्हणून दोन शब्द.

एक. कार्बनची फ्रेम असंल तर दांडी दाबून धरणारा रॅक नको. दाब बसला की वरनं काही दिसत नाही, आत तडा गेलेला असतो. त्याला पुढचं चाक वरनं दाबून धरणारा ट्रे बघा, फ्रेमला हातच लागत नाही त्याचा. नाहीतर चाक काढून फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) अडकवायचा ट्रे. त्यातबी फोर्क बघून घ्या. जुन्या पद्धतीचा क्विक रिलीज (खटक्यानं सुटणारा बारीक आस) वेगळा, नवीन थ्रू ॲक्सल (आरपार जाणारा जाड आस) १२ का १५ मिलिमीटरचा ते वेगळं, अडॅप्टर लागतो.

दोन. ताईंची बुटक्या दांडीची सायकल. डिकीच्या लटकत्या रॅकवर ती सरळ बसतच नाही, कारण वरची आडवी दांडीच नसते. त्यासाठी सीटच्या दांड्यापासनं हँडलच्या दांड्यापर्यंत जोडायची एक जादा दांडी मिळते, ती घ्यावी लागंल. २० इंचीची पण तीच गत, फ्रेम इतकी आखूड की रॅकचे दोन हात आत मावत नाहीत.

तीन. आणि हे लई महत्त्वाचं. डिस्क ब्रेकची सायकल असली आणि चाक काढलं तर ब्रेकच्या दोन पॅडच्या मधी पुठ्ठ्याची जाड घडी घाला. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) असंल तर घालाच. वाटेत पोरानं गंमत म्हणून ब्रेकचा दट्ट्या दाबला की पॅड एकमेकाला चिकटत्यात, मग चाक आत जात नाही. कोकणात असं झालं तर पॅड उघडायला माणूस कुठं शोधणार? असली सायकल पोत्यात चाक घालून घेऊन आलेला गडी मी बघितलाय, चार दिवस फिरायला गेला आणि एक फेरी सायकल चालवली नाही त्यानं.

अबोली | ३ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

घाटमाथा यांनी सायकल वर चढवणं हा तोटा एका शब्दात सांगितला, मला त्यावर जरा जास्त लिहायचंय. माझी उंची पाच फूट एक इंच. आमच्या आधीच्या गाडीवर छताचा रॅक होता. पंधरा किलोची सायकल खांद्याच्या वर नेऊन, हात लांब करून, रंगाला न घासता ट्रेच्या खाचेत टेकवणं हे एकटीच्या आवाक्यातलं काम नाही. मी दाराच्या उंबऱ्यावर एक पाय ठेवून चढवायचे. एकदा पाय घसरला आणि सायकल माझ्याच खांद्यावर आली. सहा आठवडे हात वर जात नव्हता.

म्हणून घेण्याआधी स्वतःला विचारा, रोज उतरवणारं-चढवणारं कोण? दोघं असाल तर छत चालेल. घडीचा बुटका स्टूल गाडीत ठेवा. जड सायकल आतल्या ट्रेवर नको, ज्या बाजूने चढवता त्या कडेच्या ट्रेवर. पेडल आणि बाटल्या आधी काढल्या तर एक-दीड किलो तिथेच कमी होतं.

गंगापूररोड | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

नाशिकहून आम्ही आठ-दहा जण जातो तेव्हा रॅकच्या भानगडीत पडतच नाही. छोटा हत्ती ठरवतो. खाली जुन्या गाद्या, सायकली उभ्या, एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे, मधे घोंगड्या. हौद्याच्या कडांना पट्ट्याने आवळायच्या. माणसं मागून दोन गाड्यांत. कुटुंबाची एकच सहल असेल तर खर्च जास्त वाटेल, पण दोन कुटुंबं मिळून जात असाल तर विचार करा. रॅकचे पैसे, आयुष्यभर तो ठेवायची जागा, हे सगळं वाचतं.

लहानपणी आजोळी जाताना सायकल एसटीच्या टपावर चढायची. मागच्या शिडीवरून मामा ती वर न्यायचा आणि आंब्यांच्या करंड्यांशेजारी काथ्याने बांधायचा. काथ्या कधी सुटला नाही. बांधणाऱ्याला बांधता येत होतं.

घाटमाथा | ३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

बांधण्यावरून आठवलं. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बांधायची आपल्याकडे सवय आहे. जादाचा आधार म्हणून ठीक, पण त्याच एका भरवशावर सायकल सोडू नका. रबर ताणतं, खड्ड्यात सायकल उसळते, परत बसते, पुन्हा उसळते. न ताणणारा विणलेला पट्टा आणि धातूचं बकल हवं.

पट्टा सपाट ताणून बांधला तर वाऱ्यात भुंग्यासारखा गुणगुणतो. बांधताना त्याला मधे एक-दोन पीळ द्या, आवाज बंद होतो. पट्ट्याचं सुटं टोक गुंडाळून गाठ मारा, नाहीतर ते तासभर छतावर फटके मारत राहतं आणि रंग उडवतं. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळं पुन्हा हाताने हलवून बघा. पहिल्या खड्ड्यांनी सगळं आपापल्या जागी बसतं आणि तेवढंच ढिलं होतं.

डिकीच्या रॅकबद्दलचा माझा अनुभवही सांगतो, छतावर जाण्याआधी तोच वापरायचो. महाबळेश्वरला निघालो होतो. दोन सायकली, नीट बांधलेल्या, हलत नव्हत्या. पसरणी घाटात जळका वास यायला लागला. आधी वाटलं क्लच. उतरून मागे गेलो तर खालच्या सायकलचं मागचं चाक बरोबर सायलेन्सरच्या तोंडासमोर आलं होतं. टायरची कड वितळून पिवळट फुगलेली, बोटभर जागा मऊ मेणासारखी. घाट चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी किती वेळ तापलेला धूर सोडते, ते तेव्हा कळलं. रॅकचा काही दोष नव्हता, चाक कुठे येतंय ते मी बघितलं नव्हतं. डिकीवर लावणाऱ्यांनी लावून झाल्यावर गुडघ्यावर बसून सायलेन्सर बघायचाच.

खाडीकाठ | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

दाभोळ-धोपावे फेरीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझं जाणंयेणं नेहमीचं.

बोटीत चढताना-उतरताना गाडी उतारावरून येते आणि फळीवर चढते, तिथे कोन बदलतो. भरतीला काही वाटत नाही. ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडतो आणि कोन चांगलाच तिखट होतो. डिकीवर खाली लोंबणारी सायकल असेल तर तिचं चाक फळीला घासतं. एका पाहुण्याच्या सायकलच्या मागच्या डिरेलरचं (गिअर बदलणाऱ्या यंत्राचं) तोंड असंच वाकलेलं बघितलंय. तिथली पोरं हात दाखवून गाडी घेतात, त्यांना आधीच सांगा मागे सायकली आहेत म्हणून. गाडी अगदी सावकाश आणि माणसं खाली उतरवून. छतावर असतील तर हा प्रश्न नाही.

दुसरं, खारा वारा. चार दिवस समुद्राजवळ गाडी उभी राहिली की रॅकच्या नट-बोल्टांवर तांबूस पूड दिसायला लागते. रोज रात्री गोड्या पाण्याने पुसा, परत आल्यावर बोल्टांना ग्रीस लावा. पुढच्या वेळी पाना फिरला नाही तर बोल्ट कापावा लागतो.

आणि गावातल्या वाड्यांमधून जाताना वर बघत चला. माडाच्या झावळ्या, विजेच्या तारा, लग्नाचे मांडव.

सोनचाफा | ५ नोव्हेंबर, रात्री ११:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी माहिती दोन दुकानांत मिळून पावसाच्या थेंबाएवढीही मिळाली नव्हती.

आज वजनं केली. एमटीबी १५.२, हायब्रिड १३.४, माझी १६.८ (माझीच सगळ्यात जड, याचं नवल वाटलं, पण मागचं कॅरिअर आणि टोपली लोखंडी आहेत), लेकाची १०.६. बेरीज ५६ किलो.

मॅन्युअल आणि बार यांत लहान आकडा निघाला ५० किलो. म्हणजे चार सायकली छतावर हा विषय पहिल्याच ओळीत संपला, ट्रे आणि बार धरून तो भार ७८ च्या वर जातो. तीनचा हिशेबही केला, जड तीन घेतल्या तर ६३.५. तोही नाही. एमटीबी आणि हायब्रिड या दोनच : सायकली २८.६, दोन ट्रे ८.४, बार ५.५, एकूण ४२.५. हे बसतं.

डिकीच्या रॅकचंही बघितलं. तीन सायकलींच्या रॅकवर ४५ किलोची मर्यादा लिहिलेली होती. वजनात एखादी जोडी बसवता येईल, पण त्याच्या वरच्या पट्ट्यांचे हूक नेमके आमच्या प्लॅस्टिकच्या स्पॉयलरच्या कडेला अडकतात. रॅक बनवणाऱ्यांच्या यादीत आमची गाडी स्पॉयलरसकट दिलेलीच नाही. शिवाय दिवे, पाटी, फेरीची फळी. मला तो नको वाटतोय.

आता प्रश्न उरलेल्या दोन सायकलींचा. तिसरी रांग पाडली तर मागे जागा होते. माझी आणि लेकाची तिथे मावेल का? कुणी असं नेलंय का?

पानापकड | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

मावतंय ताई. असं करा. आधी टोपली आणि मागचं कॅरिअर सोडवून घरीच ठेवा. दोन्ही सायकलींची दोन्ही चाकं काढा, सीट पार खाली बसवा किंवा काढाच, हँडल फ्रेमला समांतर वळवा, पेडल काढा. डावं पेडल उलट्या आट्याचं असतंय, घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतं, जोर लावून आटा मारू नका. खाली जाड सतरंजी. तुमची फ्रेम खाली, साखळीची बाजू वर. वर गोधडी, त्यावर पोराची फ्रेम. चाकं उशांच्या खोळीत घालून कडेला उभी. मागचा डिरेलर कुठंच टेकता कामा नये, तेवढं बघा. आणि सगळं पट्ट्यानं मागच्या हुकांना बांधा, मोकळं सोडू नका. करकचून ब्रेक मारला तर ते सगळं पुढं पोरांच्या मानंवर येतं.

पहिल्यांदा घरी करून बघा. रस्त्यात शिकू नका.

म्युनिकवासी | ६ नोव्हेंबर, दुपारी २:३०

छतावरच्या सायकलींसकट गाडीची उंची टेपने मोजा आणि आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. आमच्या ओळखीतल्या एकाने आठ तास व्यवस्थित गाडी चालवली आणि घरी येऊन सवयीने इमारतीच्या तळघरात घातली. दोन सायकली आणि छत, दोन्ही गेलं. दमलेल्या माणसाला वर काय आहे ते आठवत नाही.

सोनचाफा | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४०

बार आणि दोन ट्रे घेतले. काल मुळशीपर्यंत रंगीत तालीम केली.

सायकली चढवून उंची मोजली, २ मीटर ८८ सेंटिमीटर. आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या तोंडावर २.१ ची पाटी आहे. रोज त्याखालून जातो, कधी वाचलीच नव्हती. लेकीने पुठ्ठ्यावर '२.९ मी. वर सायकली' असं लाल स्केचपेनने लिहून डॅशबोर्डवर लावलंय.

चांदणी चौक ओलांडला आणि ५०-६० च्या वेगात वरून एकसारखा घूंऽऽ असा आवाज. थांबून पट्ट्यांना पीळ दिले, आवाज गेला. घाटमाथा, खास आभार. पिरंगुटला पुन्हा थांबून हलवून बघितलं. हायब्रिडची दांडी धरणारा पंजा खरंच ढिला झाला होता, मूठ दोन आटे फिरली. तिथे थांबलो नसतो तर पुढे काय झालं असतं, या विचाराने पोटात गोळा आला.

मागच्या बाजूला पानापकड यांनी सांगितल्याप्रमाणे मांडणी केली. पहिल्यांदा पाऊण तास लागला, दुसऱ्यांदा वीस मिनिटं. बॅगा मऊ घेतल्यात, मुलांच्या मधे आणि पायाशी बसतात. एमटीबीला डिस्क ब्रेक आहेत, पण ती चाकांसकट वर जाते. लेकाच्या सायकलला केबलचे डिस्क आहेत, तिथे पुठ्ठा घातला.

एक अडचण, एमटीबीचे टायर रुंद आहेत, ट्रेबरोबर आलेला चाकाचा पट्टा जेमतेम पुरतो.

घाटमाथा | २४ नोव्हेंबर, रात्री ८:५५

रुंद टायरसाठी लांब पट्टे सुटे मिळतात, तेच आणा. जेमतेम पुरणारा पट्टा दाताच्या शेवटच्या खाचेवर असतो, तो कधी सुटला ते कळत नाही. टायरमधली हवा कमी करून बसवायचा उद्योग करू नका.

ताम्हिणीने जाणार असाल तर दिवसाउजेडी उतरा.

सोनचाफा | ३१ डिसेंबर, दुपारी १२:२०

परत आलो. सगळ्या सायकली धड, आम्हीही.

ताम्हिणी, माणगाव, महाड, खेड, दापोली असे गेलो. ८० च्या वर गाडी नेली नाही, वाटेत तीनदा थांबून पट्टे तपासले. लांब पट्टे आणले होते, चाक तसूभरही हललं नाही. ॲव्हरेज १७ वरून साडेचौदावर आलं.

दाभोळला नेमकी ओहोटी होती. आमच्यापुढे एक गाडी डिकीवर दोन सायकली लावून आलेली. खाडीकाठ यांनी लिहिलंय तसंच झालं, फळीवर चढताना मागचं चाक खर्रकन् घासलं. बोटीवरच्या पोराने हात वर करून थांबवलं, सगळे खाली उतरले, मग गाडी तिरकी करून इंचाइंचाने घेतली. सायकल वाचली. आम्ही तिकिटाच्या खिडकीवर उंची आधीच सांगितली होती, आमची गाडी मोकळ्या भागात उभी करायला लावली.

गुहागरला चार दिवस मुक्काम केला, तिथे सायकली एकदाच उतरवल्या आणि निघतानाच चढवल्या. हे कुणी सुचवलं नव्हतं पण फार उपयोगी पडलं. रोज गाव बदलायचं असतं तर या मांडणीत रोज पाऊण तास गेला असता. एकाच गावी राहून तिथूनच रोज वेगळ्या दिशेला गेलो. वेळणेश्वर-हेदवीच्या चढांवर धाकटा दोनदा उतरून चालला, पण सायकल कुणाच्या हातात दिली नाही.

बोल्ट रोज रात्री पुसले. तरी एकावर तांबूस डाग आलाच, काल ग्रीस लावलं.

आता बार आणि ट्रे पुढच्या सुट्टीपर्यंत घरी पडून राहतील. पुण्यात कुणाला शनिवार-रविवारपुरते हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बारचे पाय आमच्याच मॉडेलच्या दाराला बसतात, ट्रे मात्र तुमच्याकडे चौकोनी बार असतील तर चालतील. लांब पट्टेही सोबत देईन.

अबोली | ३१ डिसेंबर, दुपारी १:०५

व्यनि केलाय. आमच्या नव्या गाडीवर चौकोनी बार आहेत, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याला येतेय, तेव्हा दोन्ही ट्रे नेईन. स्टूल माझ्याकडे आहे.